घोट्यावरची पावडर

तिला खोटं बोलायला तुम्ही लावलंत. आधी तिला उघडी केलीत, मग तिच्या पोरीला उघडी केलीत, आणि दोघी पंख्याखाली कुडकुडत असताना म्हणालात, "घाबरू नका, खरं काय ते सांगा." खरं बोलायला माणसाच्या अंगावर निदान कपडे तरी लागतात. एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या भिंतीवर काचेत मढवून तसं लावलेलंच आहे.

त्या दिवशी सकाळी ती तुमच्या दवाखान्याच्या बाहेर, कट्ट्यावर, पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी नणंद. नणंदेनं पर्समधली तोंडाला लावायची पावडर काढली होती आणि दोघी मिळून ती पोरीच्या उजव्या घोट्याला चोपडत होत्या.

"ताई, बास. हा पाय आता दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागलाय."

ते खरंच होतं. नणंद उजळ, पोर सावळी. पावडर नणंदेच्या रंगाची.

"वाटू दे. डॉक्टर छाती बघणार, कान बघणार. पाय कशाला बघतील? लग्नाला उभी करायचीय का तिला?"

"आणि मोजे काढा म्हणाले तर?"

"सर्दी झालीय म्हण."

"सर्दी म्हटलं तर तिथंच नापास करतील."

"मग गप बस आणि देवाचं नाव घे," नणंद म्हणाली आणि तिनंच मोजा वर ओढला.

पोर अडीच वर्षांची. मोकळी सोडली की नको तिथं शिरते म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. बाप दीड वर्षापूर्वी परदेशात वेल्डिंगच्या कामाला गेला होता. आता तिथं कायमचं राहायला बायकोला आणि मुलीला बोलावण्याचे कागद त्यानं घातले होते. सगळं पुढं सरकलं होतं. मध्ये फक्त ही तपासणी उभी होती. यात पास झालं की विमान. नाही झालं, तर लाँड्रीची मागची खोली आहेच.

कारण ती इस्त्री करते. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे कोट, लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ. एका लांब टेबलापाशी ती दिवसभर उभी असते. चादरीची चुणी तिला हातानं कळते, बघावं लागत नाही.

दारावरच्या वॉचमननं नणंदेला अडवलं. "ज्यांची तपासणी तेच आत."

"अहो, पोर लहान आहे, धरायला कोणी नको का?"

"आत सिस्टर आहेत."

नणंद बाहेर राहिली. मुंगीची आई तिला कडेवर घेऊन आत गेली.

आत तिला एक झगा दिला. मागून उघडा, नाडीचा. एक नाडी तुटलेली. तिनं आधी काय पाहिलं असेल, तर त्याची इस्त्री. ना खळ, ना घडी, नुसता पिळून वाळवलेला. आमच्या मालकानं हा कपडा तोंडावर फेकला असता, तिच्या मनात आलं आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. मग पाठीला गार वारा लागला. एका हातानं मागचा झगा धरायचा, दुसऱ्या हातानं मुंगीला धरायचं, आणि कागद धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. ती भिंतीला पाठ लावून सरकत सरकत चालली. तपासणीला आलेल्या सगळ्या बायका तशाच चालत होत्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

डॉक्टर बाई होत्या, म्हणजे तुम्हीच, पण तिला दिसलात तशा. केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी तिची छाती तपासली, पोट दाबलं, डोळे ओढून पाहिले. डाव्या हातावर कोपराच्या खाली मोठा भाजल्याचा डाग होता, इस्त्रीच्या टोकासारखाच निमुळता.

"भाजलंय का?"

"हो. इस्त्री."

"बरं. ओळखीची खूण म्हणून हीच लिहिते." आणि त्यांनी लिहिलं. कसं भाजलं, कधी भाजलं, काही नाही. आईच्या अंगावर डाग असायचाच, असं त्यांनी धरून चाललं असावं.

"आता बाळाचे कपडे काढा. सगळे. मोजेसुद्धा."

तिनं फ्रॉक काढला, चड्डी काढली, डावा मोजा काढला. आणि मग उगाच फ्रॉकची घडी घालत बसली.

"दुसरा मोजा?"

तिनं काढला.

डॉक्टरांनी मुंगीला टेबलावर निजवलं, पाय हातात धरून वाकवले, सरळ केले. मग आपल्या बोटांकडं पाहिलं. बोटांना पावडर लागली होती.

"हे काय लावलंय?"

"पावडर."

"घोट्याला?"

"घाम येतो तिला."

"एकाच घोट्याला?"

मुंगीला मात्र गंमत वाटली. ती पाय हलवून म्हणाली, "आत्याची पावदल."

डॉक्टरांनी ओला कापूस घेतला आणि हलक्या हातानं पुसला. पावडर गेली. खालून ती खूण वर आली. घोट्याभोवती गोल, काळपट, एका जागी जराशी खरखरीत झालेली कातडी. गाठ जिथं यायची तिथं.

"हे कशानं झालं? घाबरू नका, खरं काय ते सांगा."

"बूट लागला."

डॉक्टर वाकल्या. खाली मुंगीचे नवे बूट होते, खास आजच्यासाठी आणलेले. पुढंही वापरता यावेत म्हणून एक माप मोठे घेतलेले. डॉक्टरांनी त्यातला एक उचलला आणि मुंगीच्या पायाला लावून धरला. बुटाची कड घोट्याच्या खूप खाली राहिली. वर शिवाय बोट जाईल एवढी जागा.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बूट नुसता खाली ठेवला, जोडीला जोड लावून.

"तुमचा एक्स-रे काढून या," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर चारपाच जण होते. एक म्हातारं जोडपं, एक कॉलेजातला पोरगा, अशी माणसं. दारात उभा राहून तिथला मुलगा प्रत्येकीला विचारत होता. त्याला मिसरूड नुकतीच फुटली असेल.

"गरोदर आहात?"

"नाही."

"शेवटची पाळी कधी?"

तिनं सांगितलं. हळू सांगितलं.

"ऐकू नाही आलं."

तिनं पुन्हा सांगितलं. म्हातारा छताकडं बघायला लागला. भला माणूस होता.

"नवरा इथं असतो का?"

"नाही. बाहेर असतो. दीड वर्षं झालं."

"मग ठीक," तो म्हणाला.

त्यात तिला कुणी शिवी दिली नव्हती. तरी कुणीतरी तोंडात मारल्यासारखे तिचे कान तापले.

"मुलीला आत आणता येणार नाही."

सिस्टर पुढं आली. उंच, थोराड बाई, हातात पट्ट्या आणि कापूस असलेला ट्रे. "ठेवा इथं. मी आहे ना. अशा कितीतरी सांभाळल्यात."

इथं तिच्याकडून चूक झाली. तिला वाटलं, पोरीला नेहमीसारखं सांगावं म्हणजे ती रडणार नाही. तिनं मुंगीला खाली उतरवलं, गालाला हात लावला आणि रोज सकाळी जे म्हणायची तेच म्हणाली.

"बस हं इथं. आईला काम आहे."

मुंगीनं इकडंतिकडं पाहिलं. मग ती शहाण्यासारखी चालत बाकाच्या पायापाशी गेली, त्या लोखंडी पायाला पाठ लावून फरशीवर बसली आणि उजवा पाय पुढं केला. आणि वाट बघत राहिली.

"अगोबाई! बूट घालायचाय का आमच्या राणीला?" सिस्टर हसली.

मुंगीनं मान हलवली. तिला ही बाई मंद वाटली असावी. तिनं हात लांब करून सिस्टरच्या ट्रेमधलं बँडेजचं भेंडोळं ओढलं आणि आईपुढं धरलं.

"आई, बांद."

सिस्टरचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. त्याचं काय करावं ते तिला कळेना. बाकावरच्या म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. आईचा झगा पाठीमागं कधी सुटला ते तिला कळलंही नाही. त्या क्षणी ती सगळी उघडी असती तरी तिला एवढी लाज वाटली नसती.

"चला बाई, लवकर. मागं लोक आहेत," आतून तो मुलगा म्हणाला.

ती आत गेली. गार पाटीला छाती लावली.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

तिनं धरला. आणि दाराबाहेरून मुंगीचं रडणं सुरू झालं. आई गेली म्हणून ती रडत नव्हती. तसं रडणं आईला ओळखू आलं असतं.

"बांद! बांद! आई, बांद ना!"

बांधलं की आईचं काम सुरू होतं आणि सोडलं की संपतं, एवढंच जग त्या पोरीला माहीत होतं. बांधलं नाही, तर आई कुठं गेली?

"हललात. पुन्हा. श्वास घ्या."

दुसऱ्यांदा ती हलली नाही. बाहेरचं रडणं मध्येच थांबलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा सिस्टर फरशीवर बसली होती. बँडेजचा एक पदर मुंगीच्या पायाला सैलसर गुंडाळलेला, दुसरा सिस्टरच्या मुठीत. मुंगी बाकाच्या पायाला टेकून, बुटाची पट्टी चावत, निवांत बसली होती.

"थांबतच नव्हती हो," सिस्टर म्हणाली. "काय करू मी तरी? तिकडं रक्त काढायला दोघं बसवलेत." तिनं घाईघाईनं पट्टी सोडली, भेंडोळं केलं आणि खिशात कोंबलं. मग आवाज खाली आणला. "बाई, डॉक्टरांना सांगू नका हं. मी असं कधी करत नाही."

गेलं वर्षभर मुंगीची आईही हेच म्हणत आली होती, फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

"नाही सांगत," ती म्हणाली.

डॉक्टरांच्या खोलीत या वेळी तिच्या अंगावर स्वतःचे कपडे होते. म्हणून असेल, किंवा खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं म्हणून असेल, तिनं सांगितलं.

शेजारची मावशी आधी पोरीला बघायची, ती मुलाकडं राहायला गेली. नणंदेची कारखान्यात पाळी, आठवड्याला वेळ बदलते. पाळणाघरात विचारलं, तर ते म्हणाले, शी-शू सांगता येईल तेव्हा आणा. मालकाला विचारलं. मालक म्हणाला, आण, टेबलाखाली बसव, पण माझ्या कपड्यांत फिरताना दिसली तर तू पण येऊ नकोस. थोडे दिवस बसली. मग एक दिवस मुंगीनं इस्त्रीची वायर ओढली. इस्त्री टेबलावरून घसरली. खाली मुंगी होती.

"मी हात घातला मधे," ती म्हणाली आणि डाव्या हाताकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. ओळखीच्या खुणेकडं.

"दुसऱ्या दिवसापासून बांधायला लागले. जुन्या चादरीची पट्टी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली. दुहेरी केली. आधी माझ्या मनगटाला बांधून बघितली, काचत नव्हती. पण ती ओढते ना. दिवसभर ओढते."

"दिवसभर?"

"जेवायला सोडते. बाथरूमला सोडते."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाही. व्हिडिओवर मी फोन वर धरते. तो म्हणतो, ताई सांभाळते ना? मी म्हणते, हो."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. वाईट बाई असती तर तिला मनात शिव्या देता आल्या असत्या. ही वाईट नव्हती, हाच घोळ होता.

"हे बघा, असं मी पुढं पाठवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मला लिहावं लागेल, आणि लिहिलं की तुमचं सगळंच अडकेल. म्हणून आज काही लिहीत नाही. दीड महिन्यानं या. पायावरची ही खूण मला तेव्हा दिसायला नको. आणि काम करताना मूल कुणाकडं असतं, त्याचं नीट उत्तर घेऊन या. समजलं?"

"हो."

"कुणीतरी असेलच की. शोधा."

"हो," ती पुन्हा म्हणाली. मोठ्या माणसानं दया दाखवली की आभार मानायचे असतात, म्हणून तिनं आभारही मानले.

बाहेर नणंद उठून उभी राहिली. "झालं? पास?"

"पुन्हा बोलावलंय."

"पावडरीमुळं?"

"म्हणाल्या, एकाच घोट्याला का?"

नणंदेनं कपाळावर हात मारला. "माझीच अक्कल मेली. दुसऱ्या पायाला पण लावायला पाहिजे होती."

आणि दोघी हसल्या. खरंच हसल्या, रस्त्यात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुंगी पण हसली. मग नणंद एकदम थांबली आणि म्हणाली, "मी नोकरी सोडू का?" आणि तिच्या चेहऱ्यावर एवढी भीती होती, की हिला "नाही गं ताई" म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तिकडं त्याची जेवणाची सुट्टी असावी, मागं भांड्यांचा आवाज होता.

"काय, झालं का मेडिकल?"

"एक्स-रे हलला. पुन्हा बोलावलंय."

"अगं, श्वास धरून उभं राहायचं, एवढं पण जमलं नाही का तुला? मी इथं खोली बघून ठेवलीय. खिडकी आहे. मुंगीला दे."

तिनं फोन मुंगीच्या कानाला लावला.

"बाबा, बांदलं," मुंगी म्हणाली. तिला हे सांगण्यासारखं वाटलं.

"काय म्हणतेय ही?"

"बँडेज बांधलं, रक्त काढलं ना," ती म्हणाली. "शूर झाली आमची. एकदा पण रडली नाही."

नणंद रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

त्या रात्री ती पाळणाघरवालीकडं गेली. "तीन वर्षांची झाली की आणा," पाळणाघरवाली म्हणाली. शेजारच्या सुनेला विचारलं. सून म्हणाली, माझंच मला होत नाही. कुणीही वाईट बोललं नाही. प्रत्येकीनं मुंगीच्या गालाला हात लावला.

सकाळी लाँड्रीत मालकानं विचारलं, "काय मॅडम, उडाला नाहीत अजून?"

"दीड महिन्यानं."

"मग तोवर ढीग उपसा. हॉलवाल्यांचं आलंय."

ढीग तिच्या खांद्याएवढा होता. तिनं इस्त्री लावली, वायर टेबलाच्या पलीकडच्या कडेनं घेतली. इस्त्री तापेपर्यंत खाली बसली. मुंगी आधीच टेबलाच्या पायाला टेकून बसली होती, उजवा पाय पुढं करून. पट्टी तिनंच पिशवीतून काढून ठेवली होती. गुणाची पोर.

घोट्यावरची ती खूण ताजी पुसल्यासारखी स्वच्छ दिसत होती. डॉक्टरांना दिसायला नको होती ती. दीड महिन्यात जायला हवी होती. जाईल, हात नाही लावला तर जाईल.

ती पट्टी हातात घेऊन बसून राहिली. वर इस्त्रीचा दिवा विझला, म्हणजे तापली. मालकानं आतून खाकरलं.

मग तिनं मुंगीचा डावा पाय ओढून घेतला. त्याला आधी जाड मोजा घातला, बापानं पाठवलेला. मोज्यावरून पट्टी गुंडाळली, सैल, दोन बोटं जातील एवढी, आणि गाठ मारली.

मुंगीला काही कळेना. तिनं डावा पाय मागं घेतला आणि पुन्हा उजवा पुढं केला, आई चुकली असं समजून.

"तो नाही गं," ती म्हणाली. "तो राहू दे. हा."

मुंगीनं दोन्ही पायांकडं पाहिलं. मग मान डोलावली. समजूतदार आहे.

तर तुम्ही दिलेल्या दिवशी ती येईल. उजवा पाय दाखवेल, त्यावर काही नसेल. मग तुम्ही विचाराल, काम करताना मूल कुठं असतं. तिनं शोधलं. तिला उत्तर सापडलेलं नाही. ते तुमच्याकडं असणार, त्याशिवाय तुम्ही विचारलं नसतं. तुमच्या सिस्टरलाही ते हवं आहे, खिशात पट्टी घेऊन फिरतेय बिचारी. मुंगीची आई झग्याची नाडी धरून उभी राहील तेव्हा गप्प बसू नका. डाव्या पायाचा मोजा काढायच्या आधी सांगा. कुठं ठेवायचं होतं तिनं पोरीला?